फुगा बंद झाला, पण पुढचे चौदा दिवस?

मेंदूतल्या धमनीवरचा फुटलेला फुगा डॉक्टरांनी बंद केला, की आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन चांगलं झालं ना? मग घरी कधी नेता येईल?" ऑपरेशन चांगले झालेले असते. रुग्ण डोळे उघडतो, नाव सांगतो, चहा मागतो. पाहुणे भेटून जातात, घरी फोन होतात. आणि पाचव्या-सातव्या दिवशी तोच रुग्ण अचानक गुंगीत जातो, एक हात उचलेनासा होतो, बोलणे अडखळते. नातेवाइकांना वाटते, ऑपरेशन फसले. बहुतेक वेळा ते फसलेले नसते. हा त्याच आजाराचा दुसरा टप्पा असतो. त्याला वैद्यकीय भाषेत 'व्हॅसोस्पाझम' म्हणतात, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसणे. हा टप्पा कधी येतो, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. त्यामुळे त्याच्यासाठी तयार राहता येते.

आधी फुगा कशाचा, ते पाहू

मेंदूच्या तळाशी मोठ्या धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे काही जणांच्या धमनीची भिंत कमकुवत असते. वर्षानुवर्षे रक्ताचा दाब बसून तिथे छोटा फुगवटा तयार होतो. हाच अ‍ॅन्युरिझम. मोठ्या माणसांपैकी शंभरात सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि त्यातल्या बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही. फुटला, तर रक्त मेंदूभोवतीच्या पाण्याच्या थरात पसरते. जगभराचा विचार केला तर दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण सहा ते आठ जणांना हा रक्तस्राव होतो. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेवीस लाख होती. जगाचा तोच दर इथे लावला, तर आपल्या एका जिल्ह्यात वर्षाला शंभरावर रुग्ण होतात. हा केवळ हिशेब आहे, पण आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही, हे त्यावरून लक्षात यावे. यातले बरेच रुग्ण चाळिशी ते साठीतले असतात आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त असतात. म्हणजे घर चालवणारी माणसे.

आकसणे नेमके कशामुळे?

खान्देशातल्या वाचकाला हे ठिबकच्या नळीवरून चटकन समजेल. कपाशीला ठिबक आहे आणि एका ठिकाणी नळी फुटली, तर दोन नुकसाने होतात. पाणी नको तिथे साचते आणि पुढच्या झाडांना पाणी कमी पडते. आपण फुटका भाग बंद केला, की शेतातले काम संपते. साचलेले पाणी नळीला काही करत नाही. मेंदूत मात्र साचलेले रक्तच पुढचा घात करते.

धमन्यांभोवती साकळलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फुटू लागतात. त्यातले हिमोग्लोबिन बाहेर पडते. धमनीची भिंत सैल ठेवण्याचे काम नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ करत असतो. हिमोग्लोबिन त्यालाच पकडून निकामी करते. त्याच वेळी धमनी आवळणारा एंडोथेलिन हा पदार्थ वाढतो. परिणामी बाहेरून रक्ताने वेढलेली धमनी हळूहळू आवळली जाते, जणू कोणी नळी चिमटीत धरली आहे. पुढच्या भागाला रक्त पुरत नाही. वेळीच उपाय झाला नाही, तर तो भाग कायमचा मरतो. त्याला पक्षाघाताचा दुसरा झटका म्हटले तरी चालेल.

सगळे एका वेळापत्रकाने घडते. आकसणे साधारण चौथ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसात सर्वाधिक असते आणि चौदाव्या दिवसानंतर ओसरू लागते. अँजिओग्राफी केली तर दोन-तृतीयांश रुग्णांत धमन्या थोड्याफार आकसलेल्या दिसतात. प्रत्यक्ष त्रास होतो तो दहापैकी सुमारे तिघांना.

हे सगळे कळायला वेळ लागला. मेंदूच्या धमन्यांचे चित्र काढण्याची पद्धत पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये शोधली. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये फुग्याच्या मानेवर पहिल्यांदा क्लिप लावली. पण फुगा फुटल्यानंतर धमन्या आकसलेल्या दिसतात, हे अँजिओग्राफीच्या चित्रांवरून एकर आणि रीमेनश्नायडर यांनी मांडले ते १९५१ मध्ये. पुढे १९८० मध्ये मिलर फिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पहिल्या सीटी स्कॅनमध्ये रक्ताचा थर जितका जाड, तितका पुढे धमन्या आकसण्याचा धोका जास्त. म्हणूनच पहिला स्कॅन पाहून आम्ही नातेवाइकांना पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतो.

पहिला दिवस : सोनगीरहून निघताना

समजा, सोनगीरच्या एखाद्या घरातल्या पन्नाशीच्या काकू सकाळी अंगण झाडताना एकदम डोके धरून खाली बसल्या. "डोकं दुखी राह्यनं" हे वाक्य आपल्याकडे रोज कुणी ना कुणी म्हणतो. त्यामुळे पहिला समज पित्ताचा, उन्हाचा किंवा उपवासाचा होतो. मे महिन्यात तर ऊन लागले असे म्हणून कांदा लावला जातो. पण या दुखण्याची एक खूण आहे. ते मिनिटभराच्या आत शिगेला पोहोचते. रुग्ण सांगतो, असे डोके जन्मात कधी दुखले नव्हते. सोबत उलटी, मान ताठणे, क्षणभर शुद्ध हरपणे किंवा एका डोळ्याची पापणी पडणे यापैकी काही असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये.

इथे एक चूक फार महागात पडते. पक्षाघात असेल असे समजून कोणी अ‍ॅस्पिरिनची गोळी देतो. ती रक्त पातळ करते. फुगा फुटलेला असेल तर ती घातक ठरू शकते. सीटी स्कॅन होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रुग्णाला चालवू नये, आडवे ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. दुखणे सुरू होऊन सहा तासांच्या आत चांगल्या यंत्रावर केलेला सीटी स्कॅन जवळजवळ प्रत्येक रक्तस्राव पकडतो. जसे दिवस जातात, तशी त्याची नजर मंद होते; मग पाठीच्या कण्यातले पाणी तपासावे लागते. दोन दिवस घरी काढून आलेल्या रुग्णाचे निदान म्हणूनच अवघड होते.

सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे आणि धुळे तिथून वीसेक किलोमीटर. ही जमेची बाजू. सीटी स्कॅन, रक्तदाबावर नियंत्रण, वेदनाशामक आणि उलटी थांबवणारे औषध हे सारे धुळ्यात पहिल्या तासाभरात होऊ शकते. फुगा बंद करण्यासाठी न्यूरोसर्जन आणि मेंदूची कॅथ लॅब लागते. त्यासाठी अनेकदा दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या नाशिकला किंवा त्याहून दूर मुंबईला जावे लागते. फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो आणि दुसऱ्यांदा फुटला तर वाचण्याची शक्यता बरीच घटते. त्यामुळे "आज सोय करतो, उद्या नेतो" हा निर्णय जिवावर बेततो. शक्यतो चोवीस तासांच्या आत फुगा बंद व्हावा, असा आजचा दंडक आहे. तोवर रक्तदाबाचा वरचा आकडा साधारण १६० च्या आत ठेवतात.

फुगा बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. कवटी उघडून क्लिप लावणे, किंवा मांडीतून अथवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या मऊ तारा, म्हणजे कॉइल, भरणे. कोणता मार्ग घ्यायचा हे फुग्याची जागा, आकार आणि रुग्णाचे वय पाहून ठरते. एक गोष्ट दोन्हीत सारखी आहे. यातला कोणताही उपाय आधीच सांडलेले सगळे रक्त परत घेत नाही. म्हणून क्लिप असो की कॉइल, पुढचे दोन आठवडे चुकत नाहीत.

चौथा ते चौदावा दिवस : कोणी, काय पाहायचे?

या काळात परिचारिका दर एक-दोन तासांनी रुग्णाला उठवून नाव विचारतात, हात-पाय उचलायला लावतात, बाहुल्यांवर प्रकाश टाकतात. नातेवाईक वैतागतात, "झोपू द्या ना तिला." पण ही तपासणीच रुग्णाचे रक्षण करते. कवटीवरून ध्वनिलहरींनी धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारे डॉपलर यंत्र काही ठिकाणी रोज वापरतात. नळी चिमटली की त्यातून जाणारे पाणी जोराने फवारते, तसा आकसलेल्या धमनीत रक्ताचा वेग वाढतो. मेंदूच्या मधल्या धमनीत तो सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर गेला की शंका येते, २०० च्या वर गेला तर गंभीर आकुंचनाची शक्यता असते.

यंत्र असो वा नसो, घरच्या माणसाइतके रुग्णाला कोणी ओळखत नाही. काल नीट बोलणारी आई आज शब्द शोधते आहे, नातवाचे नाव चुकते आहे, जेवताना घास एका बाजूने सांडतो आहे, उगाच चिडते आहे किंवा फारच शांत झाली आहे, हे मुलीच्या लक्षात डॉक्टरांच्या आधी येते. ते लगेच सांगावे. 'थकली असेल' म्हणून सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नये. अशा वेळी कवटीत पाणी साचणे, रक्तातले सोडियम कमी होणे, झटका येणे, ताप ही कारणेही असू शकतात, म्हणून स्कॅन आणि रक्ततपासणी पुन्हा करतात. मागच्याच आठवड्यात स्कॅन केला होता, हे खरे असते. पण मेंदूची आजची स्थिती आजच्याच स्कॅनमध्ये दिसते.

उपचार काय?

*निमोडिपिन.* या आजारात रुग्णाचे भवितव्य सुधारते असे भक्कम पुरावे असलेले हे प्रमुख औषध आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात ५५४ रुग्ण होते. औषध न घेतलेल्यांपैकी ३३ टक्के रुग्णांच्या मेंदूचा भाग मेला, घेतलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. वाईट परिणाम ३३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. नेहमीचा डोस दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, एकवीस दिवस. ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर दिवसाला बारा, एकूण २५२ गोळ्या. रात्री दोनचा डोसही तितकाच महत्त्वाचा. रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर अर्धा डोस दर दोन तासांनी देतात. नातेवाइकांनी स्वतः गोळी थांबवू किंवा दुप्पट करू नये.

एक सावधगिरी. औषधाच्या दुकानात निमोडिपिन नसले, तर नावात साम्य असलेले निफेडिपिन किंवा नेहमीचे अ‍ॅम्लोडिपिन घेऊन येऊ नका. ती रक्तदाब उतरवण्याची औषधे आहेत आणि या काळात नेमकी तीच नको असतात.

*पाणी आणि मीठ.* एकेकाळी मेंदूला सूज येईल या भीतीने अशा रुग्णांचे पाणी तोडले जाई. त्याने नुकसान होते हे नंतर सिद्ध झाले. मग उलट टोक गाठले गेले आणि सलाईन भरपूर चढवून रक्त पातळ करण्याची पद्धत आली. तिने फुप्फुसांत पाणी साचू लागले. आता शरीरातले पाणी नेमके पुरेसे ठेवतात, कमीही नाही, जास्तही नाही. या आजारात लघवीवाटे मीठ वाहून जाते आणि सोडियम घसरते. त्यामुळे रुग्ण बीपीचा असला तरी घरच्या सवयीने त्याला अळणी जेवण देऊ नये आणि तहान लागली म्हणून नुसते पाणी मनाने पाजत राहू नये. किती आणि काय द्यायचे, हे रोजच्या तपासणीवरून ठरते.

*रक्तदाब वाढवणे.* हे ऐकून घरचे लोक घाबरतात. नळी चिमटलेली असेल आणि शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोहोचवायचे असेल, तर मोटारीचा दाब वाढवावा लागतो. आकसलेल्या धमनीपुढच्या मेंदूला रक्त मिळावे म्हणून त्रास दिसू लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब औषधाने मुद्दाम चढवतात. फुगा आधी बंद झालेला असेल तरच हे बिनधोक करता येते. फुटकी नळी तशीच ठेवून मोटार जोरात चालवली तर काय होईल ते सांगायला नको. फुगा चोवीस तासांत बंद करण्याचा आग्रह यासाठीही असतो. या दिवसांत मॉनिटरवर १८० दिसले म्हणून घरून आणलेली बीपीची गोळी रुग्णाच्या हातावर ठेवू नका.

*धमनी आतून उघडणे.* एवढे करूनही सुधारणा नसेल, तर कॅथ लॅबमध्ये बारीक नळीतून थेट धमनीत औषध सोडतात किंवा मोठ्या धमनीत छोटा बलून फुगवून ती रुंद करतात. बलूनची ही पद्धत सोव्हिएत संघातल्या झुबकोव्ह यांनी १९८४ मध्ये प्रथम मांडली. तिचा उपयोग लक्षणे दिसल्यावर पहिल्या काही तासांत अधिक होतो. म्हणजे इथेही वेळच मोलाची.

जे अजून सुटलेले नाही

निमोडिपिनने रुग्ण सुधारतात, पण अँजिओग्राफीत धमन्या फारशा रुंद झालेल्या दिसत नाहीत. उलट क्लॅझोसेंटान या औषधाने २००८ च्या अभ्यासात धमन्या आकसण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आणले. मात्र २०११ च्या मोठ्या अभ्यासात रुग्णांच्या अंतिम स्थितीत ठोस फरक पडला नाही. जपानने २०२२ मध्ये ते मंजूर केले, इतरत्र त्यावर वाद चालू आहे. याचा अर्थ, मोठ्या धमन्या आकसणे हे संकटाचे एक कारण आहे, एकमेव नाही. केसासारख्या बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्या, मेंदूपेशींतून पसरणाऱ्या विद्युत लाटा आणि दाह यांचाही हात असावा. मॅग्नेशियम २०१२ मध्ये आणि सिमव्हास्टॅटिन २०१४ मध्ये मोठ्या अभ्यासांत निरुपयोगी ठरले. २०२३ मध्ये जर्मनी, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या अभ्यासाने दाखवले, की कमरेतून बारीक नळी घालून रक्तमिश्रित पाणी लवकर बाहेर काढले, तर वाईट परिणाम सुमारे ४५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येतात. घात करणारे रक्तच काढून टाकायचे, हा त्यामागचा सरळ विचार. मात्र तो कोणत्या रुग्णात सुरक्षित आहे, हे तज्ज्ञच ठरवतात.

घरी नेण्याची घाई

सातव्या दिवशी रुग्ण उठून बसलेला असतो आणि खाट महाग असते. शेतात कापूस वेचायचा असतो, नाशिकला राहणाऱ्या माणसाचा जेवणाखोलीचा खर्च वाढत असतो. "आपल्या जबाबदारीवर नेतो" असे लिहून देण्याचा मोह होतो. कुटुंबाची ओढाताण खरी आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण नेमके हेच दिवस सर्वांत धोक्याचे. रस्त्यात किंवा गावात धमनी आकसली, तर रक्तदाब वाढवण्याचे औषध, स्कॅन आणि कॅथ लॅब यातले काहीच हाताशी नसते. मोठे ऑपरेशन यशस्वी होऊनही हात-पाय आणि वाचा गमावण्याची वेळ अशीच येते.

खर्चासाठी एक वाट आहे. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होते. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. मंजुरीत किती दिवस आणि कोणता उपचार बसतो, हे तेव्हाच विचारा. खर्चाची अडचण सातव्या दिवशी कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगितलेली बरी. मार्ग काढायला वेळ मिळतो. घरातल्या दोघांनी पाळी लावून राहावे, बाकीच्यांनी गाव सांभाळावे.

घरी आल्यावरही एकवीस दिवसांचे औषध पूर्ण करायचे असते. मोबाइलला चार-चार तासांचा गजर लावा. पुढचे काही महिने थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड राहू शकते. हे नखरे नसतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिला २०११ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी हा रक्तस्राव झाला आणि उपचारानंतर काही दिवस तिला स्वतःचे नावही सांगता येत नव्हते. पुढे ती कामावर परतली. बरे व्हायला वेळ लागतो, आणि माणसे बरी होतात.

बिडी-सिगारेट बंद ठेवणे आणि रक्तदाब आयुष्यभर आटोक्यात ठेवणे हे दोन उपाय सगळ्यांच्या हातातले. जवळच्या दोन किंवा अधिक नातेवाइकांना हा रक्तस्राव झाला असेल, किंवा घरात मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर डोके दुखण्याची वाट न पाहता एकदा मेंदूच्या धमन्यांची तपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि आपला माणूस आयसीयूत असेल, तर कॅलेंडरवर रक्तस्रावाच्या दिवसापासून चौदा दिवसांवर खूण करून ठेवा. तोवर त्याच्या बोलण्यावर आणि हातापायांवर लक्ष ठेवायचे काम तुमचेही आहे.